माळावरची पट्टी कशी मोडली

सोलापूर मागं पडलं की अक्कलकोटच्या वाटेवर उघडा माळ लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या माळावर विमानांसाठी सिमेंटची लांबलचक पट्टी बांधली होती. विमानं फारशी उतरलीच नाहीत. बायका तिच्यावर ज्वारी वाळत घालायच्या. एकाहत्तर साली सोलापुरातल्या गॅरेजवाल्यांना ती सापडली आणि रविवारी सकाळी तिथं मोटारसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. दोघंदोघं सुटायचे, नाकासमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या टोकाला दानम्मा उभी असायची. तिचं शेत पट्टीला लागूनच होतं, आणि शर्यती भरवणारा तिप्पण्णा तिचा धाकटा भाऊ. आधी कोण आलं हे ती सांगायची. तिच्या शब्दावर कुणी हुज्जत घालत नसे. भाऊ हरला तरी ती तसंच सांगायची.

तिप्पण्णाचं गॅरेज चन्नप्पाबरोबर भागीत होतं. दोघं एका डब्यात जेवायचे. पण पट्टीवर उभे राहिले की एकमेकांकडं बघायचे नाहीत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एकदा दोघांची शर्यत लागली. दानम्मासमोरून दोघं अगदी बरोबर गेले, चाकाला चाक. तिप्पण्णानं ब्रेक मारला. चन्नप्पा मात्र तसाच पुढं गेला. पट्टी संपते तिथं धूळ उठली. धूळ बसल्यावर बघतात तर गाडी स्टँडवर उभी, इंजिन चालू, आणि चन्नप्पा नाही.

सगळीकडं कापणी झालेलं रान. आडोशाला झुडूप नाही की ओघळ नाही. मातीत पावलांचा ठसा नव्हता. गावानं विहिरी उपसल्या. पोलिसांनी तिप्पण्णाला पुन्हापुन्हा बोलावलं, मग तेही थकले. शर्यती बंद पडल्या.

चन्नप्पाची आई सुंदरम्मा मात्र दर रविवारी एसटीनं यायची आणि पट्टीच्या टोकाला बसून राहायची. दानम्मा तिला भाकरी नेऊन द्यायची.

एकदा म्हातारीनं विचारलं, "जिंकलं कोण गं?"

"बरोबरच आले, अव्वा."

"तू सांगितलंच न्हाईस म्हण की." म्हातारी भाकरी हातात धरून समोर बघत होती. "निकाल लागला न्हाय, म्हणून पळतोय त्यो."

दानम्मा वळून मोकळ्या पट्टीकडं बघत राहिली.

त्यानंतर तिला काहीबाही दिसायला लागलं. पट्टीवर बसलेल्या शेळ्या एकदम उठायच्या, बाजूला व्हायच्या आणि सगळ्या मिळून एकाच दिशेला माना वळवायच्या, जणू काही जवळून निघून जातंय. एका दुपारी वारा पडलेला असताना वाळत घातलेल्या ज्वारीतून एक सरळ रेघ उमटत गेली. चाकाएवढी रुंद. दानम्मानं ज्वारी गोळा केली आणि पुन्हा तिथं पसरली नाही.

पाऊसकाळ सरल्यावर एका रविवारी तिप्पण्णा एकटाच गाडी घेऊन आला. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले.

"अक्का, गॅरेजमदी बी त्येच्या गाडीचा आवाज येतोय. डाव्या अंगाला. आज परत पळतो त्येच्यासंगं. तू उबी ऱ्हा."

"आन् फुडं?"

"फुडं काय? त्यो थांबंल तितं मी थांबंन."

दानम्मानं त्याचा हात धरला. तो हात सोडवून पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडं निघून गेला. गाडी लांब ठिपक्याएवढी झाली, वळली, आणि सुटली.

गाडी एकच दिसत होती. आवाज मात्र दोन येत होते. शेळ्या माळ सोडून पळाल्या. सुंदरम्मा उठून उभी राहिली. तिप्पण्णा जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा दानम्माला दिसला. तो समोर बघत नव्हता. डावीकडं बघत होता, आणि हसत होता. त्याचा हात ब्रेककडं जात नव्हता.

"चन्नप्पा!" दानम्मा जिवाच्या आकांतानं ओरडली. "चन्नप्पा आला आदी! चन्नप्पा जिंकला!"

तिप्पण्णा दचकला. त्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि तो सिमेंटवर फरफटत गेला. दुसरा आवाज दानम्माच्या अंगावरून गेला. तिचा पदर ओढल्यासारखा ताणला गेला. मग रानाकडं तो आवाज हळूहळू बारीक होत होत थांबला. कुणीतरी इंजिन बंद करावं तसा.

"थांबला," सुंदरम्मा म्हणाली. तिनं पायात चपला घातल्या आणि फाट्याकडं चालू लागली. त्यानंतर ती कधी आली नाही.

तिप्पण्णाचा पाय मोडला होता. दवाखान्यात त्यानं विचारलं, "अक्का, खरंच त्यो आदी आला? तुला दिसला?"

"मी कदी खोटं सांगितलंय?" एवढंच ती म्हणाली. तो रडला, आणि कित्येक महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली. पुढं त्यानं गाडी विकली आणि विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करू लागला.

दोन वर्षांनी रस्त्याच्या भरावासाठी पट्टी फोडायला मजूर आले. सगळी पट्टी त्यांनी उखडली, फक्त दानम्मा उभी राहून निकाल सांगायची तेवढा तुकडा सोडला.

"ह्यो का ठिवला?" तिनं मुकादमाला विचारलं.

"हात लाववंना झालाय, मावशी. लई तापलाय."

दानम्मानं वर बघितलं. श्रावणाची झड लागली होती, आणि सकाळपासून ऊन पडलंच नव्हतं.