उताराचा आकडा

माहिती कशी शोधायची हे शिकवायला इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना वर्षातून एकच तास मिळे. मुलांच्या लेखी तो डुलकी काढायचा तास. यंदा तिसऱ्या वर्षात बाईंची सख्खी भाचीही होती. घरी मावशीच्या गळ्यात पडणारी, वर्गात मात्र ओळखदेख नसल्यासारखी शेवटच्या बाकावर.

बाईंनी भाषणाला फाटा दिला. "आपापल्या प्रोजेक्टमधला एक आकडा घ्या. तो मुळात कोणी आणि कशासाठी ठरवला, ते शोधा."

भाचीचा गट व्हीलचेअरसाठी लाकडी उतार करत होता, तिच्याच आजोबांसाठी, म्हणजे बाईंच्या वडिलांसाठी. पायांतली ताकद गेल्यापासून दारातल्या दोन पायऱ्यांवरून, म्हणजे फूटभर उंचीवरून, त्यांना दोघांनी उचलून उतरवावं लागे, आणि तेवढा वेळ आजोबा तोंड फुगवून बसत.

"आमचं सोपं आहे, मॅडम. फूटभर उंचीला आठ फूट उतार. पाच वेबसाइट हेच सांगतात."

"पाचही जणांनी तपासलं, की एकाचं बघून चौघांनी उतरवलं?"

भाचीनं नाक मुरडलं, पण शोधायला बसली. एक पान दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं, दुसरं तिसऱ्याकडे. शेवटी हाती लागली गोदामाची जुनी माहितीपुस्तिका. त्यातला उतार होता हमालांनी ढकलायच्या हातगाड्यांसाठी.

"अगं मावशी, फळ्या कापून झाल्यात!" भर वर्गात ती ओरडली. वर्ग खो खो हसला.

"आता व्हीलचेअरसाठी काय नियम आहे तो शोध," बाई शांतपणे म्हणाल्या.

नियम सापडला. फुटाला बारा फूट. आणि दारापासून फाटकापर्यंत अंगण जेमतेम दहा फूट!

"चार फुटांनी काय बिघडतंय?" गटातला एक मित्र म्हणाला. "ढकलायला आपण आहोतच."

संध्याकाळी त्यांनी कापलेल्या फळ्या पायऱ्यांना टेकवल्या. आजोबांनी जोर लावला. अर्ध्यावर चाकं मागं सरकू लागली. तिघांनी खुर्ची धरली म्हणून निभावलं.

"ढकलायलाच माणसं लागणार, तर उचलून नेत होतात तेच काय वाईट होतं?" आजोबा फणकारले.

भाचीचा चेहरा पडला. मावशी तिच्या शेजारी पायरीवर बसली. दोघींनी टेप घेऊन अंगण पुन्हा मोजलं. उतार सरळ न नेता भिंतीच्या कोपऱ्यात वळवायचा, वळणावर दम खायला सपाट जागा ठेवायची, असं ठरलं. नव्या फळ्या आल्या. प्रोजेक्ट उशिरा गेलं म्हणून मार्क कापले गेले आणि मित्र आठवडाभर धुसफुसत राहिला.

उतार बसला त्या दिवशी आजोबांनी सगळ्यांना लांब उभं केलं. वळणावर थांबले, श्वास घेतला, पुन्हा चाकं फिरवली. घामाघूम होऊन दारात पोचले आणि कोणी काही बोलायच्या आत खुर्ची वळवून परत खाली निघाले.