खिशातला हात

संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि पेन्सिलीच्या टोकाने बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

"सहा," ते म्हणाले.

छायाचित्रकार बाईंनी नुसती मान हलवली. सकाळपासून त्यांचंही तेच चाललं होतं.

फोटो आदल्या दिवशीचा. शाळेची बस कुशीवर पडलेली, वर आलेल्या खिडकीशी एक माणूस ओणवा झालेला. त्याचा चेहरा धुळीत गेलेला, पण एका छोट्या मुलीला वर ओढणारा त्याचा हात लख्ख दिसत होता. मुलं सगळी सुखरूप निघाली, आणि तो माणूस मात्र गर्दीत कुठे नाहीसा झाला ते कोणालाच कळलं नाही.

मागच्याच महिन्यात संगणकाने रचलेला एक फोटो खरा समजून छापल्यामुळे पेपरची छी-थू झाली होती. अशा फोटोंत बोटांचा हिशोब चुकतो, हे आता शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. पानं लावणारे गृहस्थ भले होते. एक बोट पुसून टाकतो, कोणाला पत्ता लागणार नाही, म्हणाले.

"खरा वाटावा म्हणून खोटा करायचा?" बाईंनी विचारलं.

संपादकांनी समजूत घातली की त्यांचा बाईंवर विश्वास आहे, प्रश्न लोकांचा आहे. फोटो पानावरून काढला गेला.

बाई जागेवर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या फोटोला हात लावला नव्हता, आणि त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती. आज तर त्यांची स्वतःचीच खात्री डळमळली होती. तिथे उभं असताना त्यांनी मुलीचा चेहरा पाहिला होता. बोटं कोण मोजतं अशा वेळी? त्यात कॅमेरा नवा, आपल्या मनाने फोटो सुधारणारा. त्यानेच काही कारभार केला असला तर? मूळ फोटो त्यांनी पुन्हा उघडला. सहाच.

दुपारी एक आई मुलीला घेऊन कचेरीत आली. फोटोतलीच मुलगी, कपाळाला पट्टी. त्या माणसाला कोणी ओळखतं का, म्हणून आई दारोदार विचारत होती. पोरगी जेवत नव्हती. काकांना थँक्यू म्हणायचं राहिलं, एवढंच धरून बसली होती.

"ओळखायची काही खूण?" छायाचित्रकार बाईंनी विचारलं.

आई ओशाळली. "ही काहीतरीच सांगते हो. घाबरली होती ना. म्हणते, काकांना सहा बोटं होती."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. आई बघत राहिली, मग खाली बसली आणि मुलीला तिने पोटाशी घेतलं. बाईंचेही डोळे भरून आले. आपलं खरं आहे हे एवढ्याशा पोरीकडून कळावं, याचं त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला, खाली मुलीचं म्हणणं जसंच्या तसं. संध्याकाळच्या आत तो माणूस कचेरीत हजर. नळदुरुस्ती करणारा, अंगाने आडवा, उजवा हात पँटच्या खिशात. संपादक आभाराचं बोलायला लागले तर तो अवघडून गेला.

"बायकोने पाठवलं," तो म्हणाला. "आता लपवून काय उपयोग, म्हणाली. लग्नाच्या फोटोतही हा हात खिशातच आहे माझा."

मुलीला आणि आईला निरोप गेलाच होता. त्या आल्या, आईने हात जोडले, आणि मुलगी जे इतकं धरून बसली होती ते थँक्यूच साफ विसरली. ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

बाईंनी कॅमेरा उचलला. तो माणूस सवयीने ताठ उभा राहिला, हात खिशात आणखी आत गेला. तेव्हा मुलीने सरळ त्याच्या खिशात हात घातला, त्याचा हात बाहेर काढला आणि कडेचं, सगळ्यात लहान बोट मुठीत धरलं.

"आई, बसमध्ये मी हेच धरलं होतं," ती म्हणाली.

बाईंनी फोटो काढला. कसा आला ते कॅमेऱ्यात बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. त्यांनी आणखी एक काढू का विचारलं, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताची बाही आधी डोळ्यांवरून फिरवली. हा हात त्याने बाहेरच ठेवला.