राहिलेली एक चप्पल

रविवारी संध्याकाळी सहाला झिरणगडाचा खालचा दरवाजा बंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. माझ्यावर एक चप्पल शिल्लक होती.

मित्रांनो, मी त्या दरवाजातली, चपला ठेवायची जुनी सागवानी फळी आहे. गडाचे मोडके दार उतरवले तेव्हा पुना सुताराने त्यातून मला कापले. पिंपळनेरच्या पलीकडचे हे गाव जुन्या गडासाठी आणि धबधब्यांसाठी ओळखले जाते. दरवाजाखालचे, धबधब्याकडचे खडक शेवाळलेले, म्हणून अनवाणी उतरायचे. गावाची रीत अशी की एक चप्पल माझ्यावर ठेवायची, दुसरी हातात न्यायची आणि वर आल्यावर जोडी जुळवायची. मी रिकामी झाले म्हणजे खाली कोणी उरले नाही. मगच दरवाजा लावायचा. वर यायला दुसरी वाट नाही.

पूर्वी पाहुणेही ही रीत पाळत, माझे कौतुक करत. आता ते बूट घालूनच उतरतात आणि माझ्यावर रिकाम्या बाटल्या ठेवतात. चप्पल ठेवतात ती फक्त गावची माणसे.

दरवाजा सांभाळणाऱ्या बेबाबाईने ती चप्पल उचलून पाहिली. बाईची होती, लाल पट्ट्याची.

"अक्का, लाव आते दरवाजा," तिचा पुतण्या प्रेमराज म्हणाला. "शहरनी व्हई कोन्ही. दुसरी जोडी गाडीमा व्हई तिनी."

"मंग एकच का ठी गयी? शहरनाले आपली रीत माहीत शे का?"

"बठ्ठा लोके गयात, अक्का. माले भूक लागनी."

"तुनी बायको खाले ऱ्हायनी तर जेवशी का रे तू?"

प्रेमराज उठला. बॅटरी घेऊन खाली उतरला आणि एकटाच वर आला.

सोमवारी गावकऱ्यांनी डोह धुंडाळले. काही सापडले नाही. प्रेमराजने घरोघर विचारले. गावातली प्रत्येक बाई घरी होती. पोलीस ठाण्यात कोणी हरवल्याची तक्रार नाही. बेबाबाई तेव्हापासून दरवाजातच बसून आहे.

मित्रांनो, इथे याल तेव्हा एक चप्पल माझ्यावर ठेवा, आणि जाताना ती न्यायला विसरू नका. तुमच्यासाठी कोणीतरी दरवाजा उघडा ठेवून बसते.

माझ्यावर काहीही ठेवले की मी करकरते. काल रात्री मी करकरले नाही. बेबाबाईसमोरून कोणी आले नाही. आज सकाळी त्या चपलेशेजारी तिच्या जोडीची दुसरी चप्पल होती. ओली.

बेबाबाईने खाली वाकून हाक दिली, "वर उनी का वं माय?"

जोडी न्यायला कोणी आले नाही. दरवाजा अजून उघडाच आहे.