पोस्टरखाली राहिलेली नोटीस

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. बेळगावातल्या एका कॉलेजात, इतिहास विभागाच्या दाराशेजारी, मी पंचेचाळीस वर्षं भिंतीवर होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं होणार नाही.

माझी चौकट खानापूरच्या सागवानाची आहे. नागोजी सुतारांनी ती घडवली, आत हिरवं जाड कापड ताणून बसवलं आणि पुढं काचेची दोन दारं लावली. दारांना पितळी कुलूप होतं. किल्ली विभागप्रमुख मारुतीराव सरांच्या खिशात असायची. कोणता कागद लागायचा, किती दिवस राहायचा आणि कधी उतरायचा, हे तेच ठरवत.

दर जूनमध्ये सर स्वतःच्या हातानं एक मोठा कागद लिहीत. बी.ए.ला इतिहास घेतला तर पहिल्या वर्षी कोणते पेपर, दुसऱ्या वर्षी कोणते, पदवी मिळायला एकूण काय काय पुरं करावं लागतं, सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये. कागद लावून झाला की सर तिथंच उभे राहत. वाचून निघालेल्या मुलाला थांबवून म्हणत, "काय वाचलास, सांग बघू." चुकलं की पुन्हा वाचायला लावत. मुलं वैतागायची. पण त्या काळात नियम कळला नाही म्हणून एकाचीही पदवी अडकली नाही. बाहेरगावचे पाहुणे आले की सर त्यांना आधी माझ्यासमोर आणत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

सर निवृत्त झाले. किल्ली एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात कुठं तरी हरवली. मग कुलूप तोडलं. एका काचेला तडा गेला, ती काढून ठेवली ती परत बसलीच नाही. टाचण्या संपल्या तशी मुलं खळ लावून कागद चिकटवू लागली. माझं हिरवं कापड जागोजागी फाटलं. विभागात कायम नोकरीचं माणूस उरलं नाही. भैरवी मॅडम अतिथी व्याख्याता होत्या, दरवर्षी नवीन नेमणूक मिळाली तर शिकवायच्या. त्याच विभागही सांभाळायच्या. तोवर अभ्यासक्रमही सारखा बदलू लागला होता. पदवी कधी चार वर्षांची म्हणाले, कधी परत तीन वर्षांची. पेपर मोजायचे सोडून क्रेडिट मोजायला लागले. कोणत्या वर्षीच्या मुलांना कोणता नियम, हे ऑफिसातही दोघांना विचारलं तर दोन उत्तरं मिळत.

अशा दिवसांत आरोही कॉलेजात आली. ती गुंजी गावची. रोज सकाळी गाडीनं बेळगावला यायची आणि स्टेशनवरून चालत कॉलेज गाठायची. वर्गात शिरण्याआधी ती माझ्यासमोर थांबायची. मला रोज वाचणारी ती एकटीच उरली होती. तिच्याकडं स्वतःचा मोबाइल नव्हता. कॉलेजच्या ग्रुपवर तिच्या वडिलांचा, भरमूंचा नंबर होता, आणि भरमू दिवसभर रानात असायचे.

आरोहीला इतिहास मनापासून आवडायचा. गावाजवळच्या वीरगळांची चित्रं तिनं वहीत काढली होती. कोणत्या दगडावर गाई आहेत, कोणत्यावर घोडेस्वार, सगळं नोंदलेलं. ती वही बघून मॅडमनी तिला सहाव्या, म्हणजे शेवटच्या सत्रात हलशीच्या देवळांवरचा प्रकल्प दिला. पुढं बी.एड. करून शाळेत इतिहास शिकवायचा, हे तिनं पक्कं केलं होतं. कॉलेजचा शिपाई यल्लाप्पा तिला आतापासूनच 'बाई' म्हणायचा.

त्या सत्रात एक नोटीस आली. जुन्या योजनेतल्या, म्हणजे आरोहीच्या वर्गातल्या मुलांना पदवीसाठी दोन क्रेडिट कमी पडत होती. त्यांनी एक जास्तीचा पेपर घ्यायचा होता आणि आठ दिवसांत त्याची नोंदणी करायची होती. ऑफिसचे कारकून राघवेंद्र यांनी सोमवारी दुपारी ती माझ्यावर चिकटवली. मंगळवारी पहिल्या तासाला मॅडमनी ती वर्गात वाचून दाखवली. वर्गात अकरा मुलं होती, त्या दिवशी दहाच हजर होती. आरोही हलशीला शिलालेखाची नक्कल करत बसली होती. तिला तिकडं मॅडमनीच पाठवलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी स्नेहसंमेलनाचं पोस्टर आलं. माझ्या अर्ध्या अंगाएवढं मोठं, चकचकीत. मुलांनी बादलीभर खळ आणली आणि हाताला लागेल तिथं ते चिकटवून टाकलं. नोटीस त्याच्याखाली गेली.

बुधवारी सकाळी आरोही नेहमीसारखी आली. तिनं पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. नाचाची स्पर्धा, रांगोळी, प्रमुख पाहुणे. तिच्या बोटांना अजून नकलेची काळी शाई होती. तिच्या नजरेपासून चार बोटांवर, एका कागदाच्या आड, तिची पदवी होती. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. ती वर्गात गेली. मॅडमना वाटलं, कुणी तरी तिला सांगितलंच असेल. मुलांना वाटलं, मॅडमनी सांगितलं असेल. आठ दिवस असेच गेले. पुढं आरोहीनं परीक्षेचा अर्ज भरला, तोही ऑफिसनं काही न विचारता घेतला.

जूनमध्ये निकाल लागला. इतिहासात आरोही कॉलेजात पहिली आली. आणि गुणपत्रिकेच्या तळाशी लिहून आलं, पदवीसाठी अपात्र, दोन क्रेडिट कमी.

दुसऱ्या दिवशी भरमू लेकीबरोबर आले. ऑफिसची खिडकी माझ्या समोरच होती, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"नोटीस लावलेली होती," राघवेंद्र म्हणाले. "वर्गात सांगितलेलं. ग्रुपला टाकलेलं. अजून काय करायचं आम्ही?"

"मी रोज वाचत होते सर," आरोही म्हणाली. "फळ्यावर असली कसलीच नोटीस नव्हती."

"मोबाइल माझ्यापाशी असतोय, साहेब," भरमू म्हणाले. "इंग्रजीत कायबाय येतंय. मला कळत न्हाय त्यातलं. चूक झाली तर माझी झाली. पोरीला कशाला शिक्षा?"

राघवेंद्र वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "विद्यापीठाला अर्ज करा. मुलगी त्या दिवशी कॉलेजच्याच कामाला गेलेली, असं मॅडमनी लिहून दिलं तर काही तरी होईल."

आरोही मॅडमकडं गेली. मॅडम माझ्याशेजारच्या दारातच उभ्या होत्या.

"मॅडम, तुम्हीच मला हलशीला जा म्हणून सांगितलासा न्हवं? तेवढंच लिहून द्या."

 मॅडमच्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची यादी त्याच आठवड्यात ठरायची होती. आपण एका मुलीला कळवायचं विसरलो, हे स्वतःच्या सहीनं लिहून द्यायची ती वेळ नव्हती.

"मंगळवारीच पाठवलं होतं का, माझ्या नक्की लक्षात नाही गं," त्या म्हणाल्या. आरोहीकडं न बघता आत गेल्या आणि वर्ग रिकामा असताना फळा पुसत राहिल्या.

हे यल्लाप्पानं ऐकलं. त्याला सहन झालं नाही. तो भिजवलेलं फडकं आणि पत्र्याची पट्टी घेऊन आला आणि माझ्यावरचं पोस्टर खरवडू लागला. स्नेहसंमेलन होऊन चार महिने झाले होते, तरी ते कुणी काढलं नव्हतं. एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि खालून ती नोटीस दिसली. तारखेसकट, शिक्क्यासकट.

"या बघा," यल्लाप्पा राघवेंद्रना म्हणाला. "पोस्टर वर, नोटीस खाली. पोरीला दिसणार कशी? पोरगी खरं बोलतीया."

आरोहीचा चेहरा एकदम उजळला. भरमूंनी यल्लाप्पाचा हात धरला. मलाही वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या बाजूनं साक्ष दिली.

राघवेंद्र जवळ आले. त्यांनी नोटिशीवरची तारीख वाचली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"म्हणजे नोटीस लावली होती," ते म्हणाले. "हेच पाहिजे होतं रेकॉर्डला."

यल्लाप्पाला त्यांनी राहिलेलं पोस्टर नीट काढायला सांगितलं. मग मोबाइल काढून माझा फोटो घेतला. फोटोत पोस्टर नव्हतं. होती फक्त नोटीस, तारीख आणि शिक्का. आरोहीनं मॅडमच्या पत्राविनाच विद्यापीठाला अर्ज केला, आणि तो फोटो कॉलेजच्या उत्तरासोबत तिकडं गेला. सूचना वेळेत फलकावर प्रसिद्ध केली होती, असं त्या उत्तरात लिहिलं होतं. महिन्याभरात आरोहीचा अर्ज फेटाळून आला.

मित्रांनो, मी आयुष्यात खूप खोटे कागद अंगावर बाळगले. न झालेल्या सहलींचे, न भरलेल्या वर्गांचे. पण त्या फोटोत एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि त्यानंच तिचा घात केला.

बी.एड.ची जागा गेली. तो दोन क्रेडिटांचा पेपर पुढच्या वर्षी घ्यायचं ठरलं, तर त्याला दहा मुलं लागत होती आणि इतिहासाला एकूण सहाच आली होती. पेपर निघाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी विभागच बंद झाला. मॅडमचीही नेमणूक झाली नाही, म्हणजे त्यांनी ज्यासाठी तोंड मिटलं तेही एकाच वर्षाचं निघालं. आरोही सांबऱ्याला एका कुरिअरच्या गोदामात पाकिटांवरचे पत्ते तपासायच्या कामाला लागली. शेवटी वाणिज्य शाखेच्या मुलांबरोबर बसून भलताच एक पेपर देऊन तिनं ती दोन क्रेडिट भरून काढली.

ती पदवी घ्यायला आली, त्या दिवशी मला भिंतीवरून उतरवत होते. यल्लाप्पानं तिला ओळखलं.

"झालं न्हवं बाई एकदाचं. आता शाळंत लागशील."

"बघते मामा," ती म्हणाली. "बी.एड. नसलं तरी घेणाऱ्या दोन शाळांत जाऊन आले. एकीला गणिताचं माणूस पाहिजे, दुसरीला इंग्रजीचं."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, ओळखही नव्हती. घड्याळ बघून ती कामाच्या गाडीसाठी निघून गेली.

आता मी खेळाच्या सामानाच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून उभा आहे. खालून वाळवी चढते आहे. मला जपा, रंग द्या, काच बसवा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखी लाकडं पुष्कळ मिळतील. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी कारकून, कुणी नुसता वर्गातला सोबती. कागद भिंतीला चिकटवला की आपलं काम झालं, असं समजू नका. हजेरीपटात ज्या नावापुढं लाल शाईनं 'गैरहजर' लिहिता, त्या माणसाला गाठा आणि तोंडानं सांगा.