कागदावरचे रोठे

दिवेआगरला डिसेंबरचं ऊन म्हणजे सुपारीचं ऊन. यंदा मात्र अर्धं खळं सुजितनं बळकावलं होतं. कशासाठी, तर रॉक अँड रोलच्या गाण्यांची जुनी छापील नोटेशन्स वाळवायला.

पूनमला आता बोलायचाही कंटाळा आला होता. नवरा बँजो पार्टीत वाजवायचा, तोही निव्वळ कानानं. त्या कागदांवरचं एक टिंब त्याला वाचता येत नव्हतं. तरी मुंबईच्या रद्दीवाल्यांकडून, विकायला काढलेल्या बंगल्यांतून तो ते हुडकून आणायचा. वर गिटारवाल्याचं चित्र, कपाळावर केसांचं वेटोळं, आत बुरशी. खाऱ्या हवेनं कागद सादळायचे आणि पुन्हा खळ्यात यायचे.

"सुज्या, माज्या सुपारीला ऊन ठेवशील का न्हाय?" ओट्यावरून सासूबाई ओरडल्या.

"थोडा वेळ, आई. बुरशीनं खाल्ले तर परत मिळायचे नाहीत असे."

"आनि सुपारी काळी पडली तर मिळेल व्हय?"

वाऱ्यानं कागद उडायचे. दगड ठेवला तर फाटायचे. म्हणून सुजितनं युक्ती काढली होती: प्रत्येक कोपऱ्यावर एकेक सोललेला रोठा. ही इथली सुपारी बुडाला सपाट, गडगडत नाही.

"अरे, आपली शिवानी रांगते आता," पूनम म्हणाली. " दिसेल ते तोंडात घालते. आणि तू प्रसादासारखं मांडून ठेवलंयस तिच्यापुढे!"

"मी आहे ना इथे. बघतोय."

"काय बघतोयस ते दिसतंय मला."

पूनम दुपटी वाळत घालायला वळली, पण एक डोळा खळ्यावरच. म्हणूनच तिला दिसलं. एका कागदाचा कोपरा फडफडत होता, त्यावर सुपारी नव्हती. शेजारी शिवानी बसली होती. एक गाल फुगलेला, आणि एकदम गप्प.

तेवढ्यात वाऱ्यानं तो कागद उचलला. सुजित कागदामागे धावला, पूनम लेकीकडे.

सुपारी गालाच्या कडेला दिसत होती. पूनमनं करंगळी आडवी घालून ती हळूच बाहेर काढली. लाळेनं बुळबुळीत, अख्खी. शिवानीनं भोंगा पसरला, तेव्हा कुठे पूनमचा श्वास सुटला.

सुजित माडाखालून परत आला, कागद छातीशी धरून.

"वाचला! थोडक्यात वाचला बघ!"

"कोण?"

पूनमनं तळहात पुढे केला. त्यावरची सुपारी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला वाटलं... कागद उडाला म्हणून..."

"हो ना. तो उडाला. ही पोर नुसती बसली होती."

 हातातला कागद टाकून सुजित खाली वाकला आणि सूप ओढून भराभर रोठे उचलायला लागला. मोकळा झालेला एकेक कागद वाऱ्यावर निघाला. कुणी पोफळींत अडकला, कुणी पाटाच्या पाण्यात पडला. त्यानं मान वर केली नाही.

"सुज्या, तुजे कागद चालले रे वाडीत!"

"जाऊ देत, आई."

पूनमनं कपाळावर हात मारून घेतला. या माणसाला काही बेतानं म्हणून करताच येत नव्हतं. ना नाद, ना पश्चात्ताप.

"पुरे झालं. ते सूप दे इकडे." तिनं सूप उचलून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि रडणारी लेक त्याच्या अंगावर दिली. "हिला धर. दोन्ही हातांनी. आणि जागचा हलू नकोस."

मग साडी खोचून, तोंडानं पुटपुटत, ती स्वतःच पाटात उतरली.