पलीकडची खुर्ची

“दोन वर्षं झाली, फिदेंसियो! स्क्रीनच्या या कडेला काळी पट्टी, त्या कडेला काळी पट्टी. दाराच्या फटीतून बघितल्यासारखं काम करते मी. आज हे नीट केल्याशिवाय तुला सोडत नाही.”

नोएमीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. न्यायवैद्यक कचेरीतले एकोणीस संगणक, तीन प्रिंटर आणि वेळ पडली तर शवागाराचा पंखासुद्धा फिदेंसियोच्याच गळ्यात होता. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी त्याला कामाशिवाय हाक मारली नव्हती. त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती.

नोएमीचं काम होतं बेवारस मृतांचे फोटो दाखवण्याचं. लॅपटॉप तिच्यासमोर, आणि त्याला जोडलेला मोठा मॉनिटर टेबलाच्या पलीकडच्या कडेला, तिच्याकडे पाठ करून. बेपत्ता माणसांचे नातेवाईक पलीकडच्या खुर्चीवर बसत. मॉनिटर टेबलाला पक्का ठोकलेला, तेव्हा तिकडे काय दिसतं हे बघायची वेळ कचेरीतल्या कुणावर कधी आलीच नव्हती.

“पट्ट्या माझीच करणी आहे,” फिदेंसियो म्हणाला. “दोन्या ओबदुलियाला, मुलाला शोधत येणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईला, फोटोखालचा मजकूर वाचता येत नव्हता. म्हणून मी रेझोल्यूशन कमी केलं. अक्षरं मोठी झाली, पण चित्र आखूड झालं.”

“तिच्यासाठी होय! बाहेरच बसलीय बघ. महिन्याचा पहिला मंगळवार, चुकायची नाही.”

तार तपासायला तो टेबलाला वळसा घालून गेला. गुडघे कुरकुरत होते, म्हणून नातेवाइकांच्या खुर्चीवर टेकला आणि त्याने वर पाहिलं. समोर फोटोत एक माणूस होता; गाल मडक्यासारखे, नाक बसकं, डोळे एकमेकांपासून लांब. फिदेंसियोने हात लांबवून लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. तिथे तोच माणूस चांगला उभट चेहऱ्याचा, हाडकुळा पोरगा होता. लॅपटॉपने कडेला जागा सोडून चेहरा जसाच्या तसा ठेवला होता. या रुंद मॉनिटरने तोच चेहरा ओढूनताणून कडेपर्यंत नेला होता.

“नोएमी, इकडे ये.”

ती आली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

“दोन्या मला चिडवायची. म्हणायची, तुमच्याकडे सगळे गालफुगेच कसे मरतात गं? मीच शहाणी तिला सांगायचे, प्रेत फुगतं, दोन्या.”

फिदेंसियोने रेझोल्यूशन पूर्ववत केलं. पेलाभर पाणी प्यायला लागेल तेवढाही वेळ लागला नाही. गाल आत गेले, डोळे जागेवर आले. पट्ट्याही गेल्या, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दोन्या ओबदुलिया फडक्यात गुंडाळलेल्या गोर्दिता, मक्याच्या जाड भरल्या भाकऱ्या, घेऊन आत आली. नोएमीसाठी ती दर वेळी आणायची. तिचा मुलगा एलादियो मिरच्यांचा ट्रक घेऊन सरहद्दीवरच्या लारेदोला निघाला होता, तो पोचलाच नाही.

“आज जुने फोटो पुन्हा बघू, दोन्या.”

“पाहिलेलेच? अगं, मी म्हातारी झालेय, खुळी नाही.”

तरी बसली. अकराव्या फोटोला तिने हात वर केला. 

“एलादियो,” ती म्हणाली. मग नोएमीकडे वळून, “सांगत होते ना मी, माझा बारीक आहे म्हणून.”

नोएमीने वही उघडली. या फोटोच्या क्रमांकापुढे गेल्या मार्चात ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलं होतं आणि खाली ओबदुलियाची सही होती. नोएमीने वही मिटली.

“हा मला आधी का नाही दाखवला?”

“दाखवला होता, दोन्या,” फिदेंसियो म्हणाला. “स्क्रीन बिघडली होती.”

“कुणी बिघडवली?”

त्याच्या जिभेवर आलं होतं. सांगून टाकलं असतं तर त्याचं ओझं उतरलं असतं. पण मग तिला नक्की आठवलं असतं, की याच खुर्चीवरून, ‘बाबा रे, अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, जरा मोठी कर’ असं तीच म्हणाली होती.

“जुनं यंत्र आहे. आपोआप बिघडतं.”

“आणि नीट कुणी केली?”

नोएमीने नुसतं बोट दाखवलं. ओबदुलियाने गोर्दिता त्याच्या हातात ठेवल्या आणि अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. “देव तुझं भलं करो.” गोर्दिता अजून गरम होत्या. फिदेंसियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आता कुठाय तो?”

“फोटोखाली लिहिलंय,” नोएमी म्हणाली.

ओबदुलिया पुढे वाकली. चष्मा काढला, पदराने पुसावा तसा शालीने पुसला, पुन्हा घातला.

“अक्षरं परत मुंग्या झाली रे. तूच वाच.”

फिदेंसियो तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला.

“नगरपालिकेची दफनभूमी. मागच्या भिंतीकडे. रांग सात, खड्डा एकतीस.”

“रांग सात, खड्डा एकतीस,” ती म्हणाली. “पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचलं.