वरच्या चाळणीवरचे शिंपले

देवराम खैरनारांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी तेजस्विनी अंबडच्या प्रयोगशाळेत जायला निघाली.

"आजच जायला हवं का गं?" आईनं विचारलं.

"सोमवारी अहवाल द्यायचाय."

ते खरं होतं. पण खरं कारण तिच्या पिशवीत होतं. बाबांनी शेवटच्या आठवड्यात केलेल्या चौदा चाचण्यांचे ते चौदा कागद होते, आणि चौदाही कागदांवरच्या बेरजा जुळत नव्हत्या.

तेजस्विनीचं काम समुद्रातली वाळू शोधण्याचं. कोकणातल्या एका गावाचा किनारा दरवर्षी थोडा थोडा वाहून जात होता. सुरूची झाडं पडली, मग होड्या ओढायची जागा गेली, आता शाळेच्या कुंपणापर्यंत पाणी येत होतं. तिथे नवी वाळू टाकायची, तर ती आणायची कुठून? किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर आत, समुद्राच्या तळाशी वाळूचे जुने थर असतात. बोटीवरून तळात लांब नळी ठोकायची, तिच्यातून आलेली वाळू हात-हात लांबीची कापून पिशव्यांत भरायची आणि दाणा मोजायला पाठवायची. दाणा किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा बारीक निघाला तर सगळी मेहनत पहिल्या पावसाळ्यात परत समुद्रात.

पिशव्या नाशिकला येत, कारण बाबा नाशिकला होते. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं त्यांनी धरणांसाठी नदीची वाळू चाळली होती, आणि निवृत्तीनंतर अंबडमधल्या रविराजच्या छोट्या खाजगी प्रयोगशाळेत आठवड्याचे चार दिवस जात होते. नदीची चिमूटभर वाळू अंगठ्याखाली चोळून ते ती दारणेची की गिरणेची ते सांगत. समुद्राची वाळू मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली ती लेकीनं पाठवली म्हणून. समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता. मुंबईला दोनदा गेले होते, दोन्ही वेळा कुणा ना कुणाला हॉस्पिटलात दाखवायला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

"आम्ही धरणं बांधून वाळू अडवली," ते तिला चिडवत. "खाली समुद्राला काही पोचलं नाही, म्हणून तो आता किनारे खातो. आणि तू निघाली समुद्राचं समुद्रातून उपसून त्यालाच वाढायला. बापाची उधारी लेक फेडते बघ."

दाणा मोजण्याची रीत सोपी आहे. पाचशे ग्रॅम कोरडी वाळू घ्यायची, एकावर एक रचलेल्या चाळण्यांत ओतायची, वर मोठ्या भोकांची, खाली बारीक, आणि यंत्रावर हलवायची. मग प्रत्येक चाळणीवर किती राहिली ते तोलायचं. सगळ्यांची बेरीज पुन्हा पाचशे यायला हवी. चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे चालतात. त्याहून जास्त कमी आली, तर चाचणी रद्द.

बाबांच्या बेरजा चारशे ब्याऐंशी होत्या. चारशे एक्याण्णव. चारशे सत्त्याहत्तर.

रविराजनं तिच्यासाठी खुर्ची पुसली. तो पस्तिशीचा, अंगानं जाड, बोलताना सारखा चष्मा कपाळावर चढवणारा. चाळण्या कशा धरायच्या हे त्याला देवरामांनीच शिकवलं होतं.

"ताई, फोनवर बोलणारच होतो मी. पण म्हटलं तेरावं होऊ दे." त्यानं चष्मा वर चढवला. "काकांचे हात थरथरायचे हल्ली. आम्ही कुणी काही बोललो नाही. एका चाळणीतून दुसरीकडे ओतताना सांडलं असेल थोडं थोडं."

"चौदाही वेळा?"

रविराजनं चष्मा परत नाकावर घेतला.

सांडलं असेल. गेले चार दिवस हाच शब्द तिच्या मनात येत होता आणि ती तो बाजूला सारत होती. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा तिला कामावर नेत. चाळणीच्या जाळीत अडकलेले दाणे काढायला ते तिच्या हातात मऊ ब्रश देत आणि म्हणत, "उलटीकडून. टाचणी लावायची नाही, भोक मोठं होतं." खाली पांढरा कागद अंथरलेला असे. एक दाणा कागदाबाहेर गेला तर ते गुडघ्यांवर बसून तो शोधत. तो माणूस चौदा वेळा सांडतो, आणि कुणाला सांगत नाही?

"दोन मार्ग आहेत," रविराज म्हणाला. "प्रत्येक नमुन्याची राखीव पिशवी आहेच आपल्याकडे. काकांचे कागद रद्द करू, चौदाही चाचण्या मी परत करतो, रविवारपर्यंत होईल. नाहीतर..." त्यानं आवाज खाली आणला. "फरक खालच्या चाळणीत टाकून जुळवून देऊ. कुणी बघत नाही, ताई. काकांचं नाव राहील अहवालात."

"जुळवलेल्या आकड्यावर त्यांचं नाव?"

"चुकलं माझं," रविराज म्हणाला. "ते असते तर मला चाळणी फेकून मारली असती."

"मारली नसती. पुसून ठेवायला लावली असती."

दोघांनाही थोडं हसू आलं.

रद्द करायचे तरी मूळ कागद बघायला हवे होते. तिच्याकडे होते ते ऑफिसातून टाइप होऊन ईमेलनं आलेले. रविराजनं फाइल काढली. बाबांचं अक्षर शेवटपर्यंत तसंच होतं, उजवीकडे कललेलं, सातावर आडवी रेघ. थरथर अक्षरात नव्हती. आणि प्रत्येक कागदाच्या समासात, पेन्सिलीनं, टाइप करणाऱ्यानं सोडून दिलेली एक ओळ होती :

शिंपले वेगळे. धरायचे का? ताईला विचारणे.

चौदाही कागदांवर तेच. ताई म्हणजे ती. ते तिला लहानपणापासून ताईच म्हणत.

तिनं फाइल मिटली. विचारणे नव्हे, त्यांनी विचारलंही होतं.

मंगळवारी दुपारी. बोटीवर नळी ओढणारा दोर अडकला होता, वारा सुटला होता, चार माणसं तिच्याकडे बघत उभी होती. फोनला कशीबशी एक रेघ होती.

"तठे काय शे?" बाबांनी विचारलं. तिकडे काय आहे, हे नामपूरकडच्या बोलीत ते फक्त खुशीत असले की विचारत.

"कामात आहे बाबा. बोला पटकन."

"एक विचारायचं होतं. वरच्या चाळणीवर शिंपले राहतात. नदीच्या वाळूत काडी, पान, गोगलगाय काही आलं तर आम्ही कचरा म्हणून काढतो. तुमच्यात ते वाळू धरायचे की कचरा?"

"नंतर सांगते बाबा. रात्री फोन करते."

रात्री तिनं केला नाही. बुधवारी केला नाही. गुरुवारी आठवण झाली तेव्हा बोट फोनच्या टप्प्याबाहेर होती. शुक्रवारी सकाळी चहाचा कप हातात असताना ते गेले. निरोप वायरलेसवरून दुपारी पोचला, बोट धक्क्याला लागायला संध्याकाळ झाली. ऊन फार, थांबता येणार नाही, असं भाऊबंदांनी ठरवलं. ती घरी आली तेव्हा अंगण धुऊन वाळलंही होतं.

दोन शब्दांचं उत्तर होतं. वाळूच धरा.

"ते शिंपले कुठे आहेत?" तिनं विचारलं.

रविराजनं सगळे ट्रे, कपाट, ओव्हनमागची फळी पाहिली. हाताखालच्या पोऱ्यांना विचारलं. नव्हते.

म्हसरूळच्या घरी आई लताबाई ओट्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. तेजस्विनीनं विचारल्यावर त्यांनी ताट बाजूला ठेवलं, आत गेल्या, आणि बाबांच्या कपड्यांच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

"हे का? रोज संध्याकाळी खिशातून पुडी काढायचे आणि यात ठेवायचे. मी म्हटलं, आता काय शिंपल्यांशी खेळायचं वय आहे? तर म्हणाले, तिकडे ठेवले तर झाडूवाला कचऱ्यात टाकेल. ताईनं सांगेपर्यंत हात लावू नको." आईनं डब्यावरून पदर फिरवला. "लय जीव होता त्यांचा या डब्यात. तू काय सांगणार होतीस गं?"

"काही नाही," तेजस्विनी म्हणाली. "राहून गेलं."

डब्यात कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या होत्या, वैद्य बांधून देतात तशा घडीच्या. प्रत्येकीवर नमुन्याचा नंबर होता, एक ते चौदा.

दुपारी ती परत अंबडला आली तेव्हा रविराजनं वजनकाटा पुसून ठेवला होता. पोऱ्यांना त्यानं जेवायला पाठवलं. ती पुडी उघडायची, तो वजन घ्यायचा. कुठे तुटके तुकडे, कुठे तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी, कुठे गुलाबी कडेचा अर्धा शिंपला.

"एक नंबर. सतरा पूर्णांक सहा," रविराज म्हणाला. "बेरीज... चारशे नव्व्याण्णव पूर्णांक आठ."

"दोन नंबर."

"आठ पूर्णांक नऊ. चारशे नव्व्याण्णव पूर्णांक सात."

पाचव्या पुडीनंतर त्यानं बेरीज मोठ्यानं म्हणणं सोडलं. नुसता कागद तिच्याकडे सरकवत होता. तीस ग्रॅमांचा फरकही भरून निघत होता. बाबांनी काही सांडलं नव्हतं. अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. दहाव्या कागदावर रविराजनं चष्मा काढला, डोळे मनगटानं पुसले आणि म्हणाला, "मी सांडलं म्हणालो, ताई."

"मीही तेच समजले होते," ती म्हणाली.

तिनं अकरावी पुडी उघडली. ती रिकामी होती.

घडी नीट होती, नंबर होता, आत काही नव्हतं. तिनं डबा उलटा केला, बोटानं कोपरे पाहिले. कागदावर बेरीज नऊ ग्रॅमनं कमी होती. बारा, तेरा, चौदा जुळल्या. अकरा नाही.

तिनं आईला फोन लावला.

"आई, अकरा नंबरच्या पुडीत काही नाहीये."

पलीकडे तांदळाचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तो मी घेतला," आई म्हणाली.

"तुझ्याकडे आहे?"

"नाही." मग आई हळूहळू सांगू लागली. "पांढरा होता. पंख्यासारखा, अंगठ्याएवढा. बुधवारी आणला त्यांनी. म्हणाले, लता, हा बघ, आतापर्यंतच्या पिशव्यांत हा एकच अख्खा आलाय. उजेडाकडे धरून धरून बघत होते. म्हणाले, पावसाळा झाला की ताईकडे जाऊ, समुद्र बघून येऊ." मग म्हणाली, "शुक्रवारी सगळे त्यांच्या तोंडात सोन्याचा मणी, तुळस, काय काय घालत होते. तू नव्हतीस. मला काही सुचेना. मी तो काढला आणि त्यांच्या मुठीत दिला. बोटं मिटली वरून. कुणी पाहिलं नाही. तो मोजायचा होता का गं?"

तेजस्विनीनं रिकाम्या पुडीची घडी परत घातली.

"नाही आई."

"खरं सांग. त्यांच्या कामात माझ्यामुळे खोट आली का?"

"नाही. चांगलं केलंस तू."

"आगीत शिंपल्याचं काय होतं?"

"चुना होतो."

"मग अस्थींबरोबर रामकुंडात गेला असेल तो."

"हो."

"म्हणजे पोचेल ना समुद्रापर्यंत? गोदावरीनं?"

काहीतरी बरं वाटेल असं बोलायला तिनं तोंड उघडलं. नांदूरमधमेश्वर, जायकवाडी, पुढची सगळी धरणं तिच्या डोळ्यांसमोर होती. प्रत्येक धरण वाळू अडवतं हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की खोटं बोलायची गरजच नाही. वाळू अडते. पाण्यात विरघळलेला चुना अडत नाही.

"पोचेल," ती म्हणाली. "वेळ लागेल, पण पोचेल."

फोन ठेवल्यावर तिनं तेरा कागद एकत्र केले. प्रत्येकावर बाबांच्या पेन्सिलीच्या ओळीखाली, शाईनं, एकच शब्द लिहिला : धरावेत. खाली नवी बेरीज आणि तारीख. तारीख तिनं आजचीच घातली.

उरला अकरावा. रविराजनं तो तिच्यासमोर सपाट केला.

"नऊच ग्रॅम आहेत, ताई. बाकीचे तेरा बघता इथेही तेवढाच शिंपला होता हे शेंबडं पोरही सांगेल. लिहून टाकू. हे काही खोटं नाही होणार."

"काट्यावर ठेवलाय का आपण?"

"नाही."

"मग नाही लिहायचा."

तिनं पेन घेतलं आणि बाबांच्या अक्षरावरून, डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्याकडे, तिरकी रेघ ओढली. हात हलू नये म्हणून पट्टी धरली होती. बाजूला लिहिलं : रद्द.

"कारण काय टाकू?" रविराजनं विचारलं.

तिनं जरा विचार केला.

"नमुन्याचा काही भाग उपलब्ध नाही."

मग तिनं अकरा नंबरची राखीव पिशवी मागितली. रविराज म्हणाला, मी करतो, ताई, तुम्ही घरी जा. ती ऐकेना. पांढरा कागद अंथरून तिनं पाचशे ग्रॅम तोलले, चाळण्या रचल्या, यंत्र सुरू केलं. दहा मिनिटं ते खडखडत राहिलं.

यंत्र थांबलं. वरच्या चाळणीवर थोडे तुकडे होते, पांढरे, धारदार. अख्खा एकही नव्हता. तिनं चाळणी उलटी केली, मऊ ब्रशनं मागून हळूहळू झाडली आणि सगळे काट्यावर घेतले.

"आठ पूर्णांक तीन," ती म्हणाली, आणि रविराजनं लिहून घेतलं.